फुटक्या पाट्यांची पेटी

कुंदा: ते सगळं राहू दे, ऊर्मिला. मला एवढंच सांग, ऱ्हाइनवर जायला कुठली ट्राम?

ऊर्मिला: कुठलीही ट्राम सांगणार नाही मी, आई. चपला काढा आधी.

कुंदा: अगं, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. अन्नपूर्णेचा हात तुटलाय, पळीसकट. वाहत्या पाण्यात सोडायची, नवी आणायची, संपलं.

ऊर्मिला: सकाळपासून तेच तेच! इथला फुटबॉलचा वर्ल्ड कप संपला तरी नदीकाठी ही गर्दी आहे. साडीतली बाई पाण्यात काहीतरी टाकतेय म्हणून कुणीतरी पोलिसांना बोलावेल. आणि मुक्ता, टेबलावरची ती चमकी आवर. पोळ्या लाटायच्यात मला.

मुक्ता: नाईन, नाही आवरणार, ममा! उद्या शाळेत रेलिगिओनच्या, धर्माच्या तासाला द्यायचंय. गोंद ओला आहे अजून.

ऊर्मिला: मग मी लाटू कुठे, बाल्कनीत?

कुंदा: केवढी गं ती सोनेरी पेटी! दांडे कशाला लावलेस? पालखी आहे का?

मुक्ता: जुन्या इस्राएलच्या लोकांची पवित्र पेटी आहे, आजी. आल्झो, म्हणजे ते वाळवंटात चालत होते ना, म्हणून दांडे. ते कधीच काढायचे नाहीत. देव कधीपण निघायला सांगेल.

कुंदा: म्हणजे पालखीच झाली की. आणि देव कुठाय?

मुक्ता: मूर्ती नसते. झाकणावर हे दोन पंखवाले आहेत ना, त्यांच्यामध्ये जागा रिकामी ठेवायची. तिथून तो बोलतो.

कुंदा: रिकाम्या जागेतून?

ऊर्मिला: आई, लहान आहे हो ती. तिला कुठे शास्त्रार्थ विचारताय?

कुंदा: तिला नको, तुला नको, मग विचारू कुणाला? विलासला, पोटच्या लेकाला, फोन केला तर त्याची मीटिंग.

ऊर्मिला: केमिकल प्लँटमधल्या माणसाला आई फोन करून विचारते, नदीत काय सोडलं तर चालतं! मीटिंगच असणार त्याची.

कुंदा: माझी चेष्टा नको करूस. तुळशीबागेतून नवी पाठवीन तुला, चांगली जड.

ऊर्मिला: मला जड नकोय! मला हीच हवीये. गौरीहराशी बसले होते तेव्हा माझ्या आईनं हातात दिलेली. ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिची एक साडीसुद्धा आणली नाही मी इकडे. आईचं म्हणून एवढंच आहे माझ्याकडे, आणि तुम्ही ते नदीत टाकायला निघालात!

कुंदा: टाकायला नाही गं. विसर्जन करायला.

ऊर्मिला: मला दोन्ही सारखंच!

मुक्ता: ममा, ओरडू नको ना. आजी, तू मदत कर. ह्या दोन दगडी पाट्या आत ठेव. आणि हे तुकडेपण.

कुंदा: तुकडे कसले?

मुक्ता: आधीच्या पाट्यांचे. देवानं त्यांच्यावर आज्ञा लिहून दिल्या होत्या. त्या फुटल्या, मग ह्या नव्या केल्या.

कुंदा: मग फुटक्या टाकून द्यायच्या ना!

मुक्ता: नाईन! आमची टीचर म्हणाली, ज्यू लोक सांगतात की फुटक्यापण त्याच पेटीत ठेवल्या. नव्यांच्या शेजारी. त्यापण देवाच्याच होत्या ना.

कुंदा: भंगलेल्या? गाभाऱ्यात?

मुक्ता: गेनाऊ, अगदी तसंच. आणि जातील तिथे बरोबर न्यायच्या.

कुंदा: हं. फोडल्या कुणी म्हणालीस?

मुक्ता: मोझेसनी. त्यांचा लीडर. त्याला खूप राग आला होता.

कुंदा: त्याला निदान राग तरी आला होता. माझ्या हातून नुसती निसटली. चिंच लावून घासत होते, म्हटलं सुनेची अन्नपूर्णा लख्ख करून ठेवू.

ऊर्मिला: मी तुम्हाला काही बोलले का, आई?

कुंदा: बोलली नाहीस, तेच तर. सकाळपासून पोळ्यांवर चिडतेस, चमकीवर चिडतेस, पोरीवर चिडतेस. माझ्यावर एकदा चिडली असतीस तर बरं झालं असतं. देव्हाऱ्याकडे बघवत नाही मला. म्हणून घाई. शास्त्र आहेच, पण नुसत्या शास्त्रासाठी ह्या वयात परक्या गावात ट्राम शोधली नसती मी.

(ऊर्मिला कुकरखालची शेगडी बंद करते.)

ऊर्मिला: चिडलेच होते. खूप चिडले होते. फार वाईट वाटलं हो मला.

कुंदा: वाटणारच. ठेव तिला जागेवर. तुटलेला हातही तिच्या शेजारीच ठेव, कुठे डबीत घालू नकोस.

ऊर्मिला: आणि शास्त्र?

कुंदा: ते माझ्याकडे लागलं. काय झालंय आत्ता तयार?

ऊर्मिला: भात झालाय फक्त.

कुंदा: वाटीत काढ, वर तूप घाल. वाढायला हात राहिला नाही ना तिला. आज तिला मी वाढते.