पायाची रेघ

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? उगाच आणलंस इथं."

"बरं बाबा, नंबर येईपर्यंत माझ्या नव्या इंग्रजी फॉन्टचं हे पान तरी बघा."

"आण इकडं. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेत, एका नजरेत सांगतो. वा! प्रत्येक अक्षराच्या पायाशी ही आडवी रेघ काय नाजूक काढलीस गं!"

"जाड नाही ना वाटत?"

"छे! केसासारखी आहे."

"बाबा, या पानावरच्या त्या रेघा मी मुद्दाम पुसून आणल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आतून त्यांचा नंबर पुकारला. दोघंही जागची हलली नाहीत.

"पण मला दिसल्या गं."