वन्संचा डबा

वाळला? कोण वाळला? अहो, आमच्या ह्यांना बायपासच्या टेबलावर चढवताना वॉर्डबॉय घामाघूम झाले! आणि ह्यांच्या बहिणीला, आमच्या शकुवन्संना, दिसतं काय? वाकोल्याहून मुलुंडला येतात, चपला काढायच्या आधी दारातच गळा काढतात, 'वाळलो गो माझो बाळा!'

तुम्हाला सांगते, छातीचं हाड कापून तारांनी बांधलंय, वरची जखम अजून ओली. डॉक्टर तोंडावर म्हणाला, 'वजन नडतंय. उतरवा, नाहीतर पुन्हा उघडून साफ करावं लागेल.' पुन्हा उघडायचं! ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं देतात ना, श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या... ह्यांची पहिलीच गोळी जागची हलेना! त्यात हात टेकून उठायचं नाही. मग उठवणार कोण? मी आणि शेजारचा हेन्री! बिचाऱ्याची कंबर गेली.

आणि वन्संच्या डब्यात काय? पायाचं सूप, 'हाड सांधता गो!' कोंबडी-वडे, 'ताकद येता!' वर डिंकाचे लाडू. म्हटलं, 'वन्सं, डॉक्टर नको म्हणालेत.' तर म्हणतात कशा, 'डॉक्टराक काय कळता? तेका वडे तरी करूक येतत? वाळलो गो माझो बाळा!' आणि बाळा पलंगावरून केविलवाणा, 'जानकी, एकच वडा दे गं...' वडा? तारा तुटतील, तारा!

बरं, डबा परत पाठवायचा? जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. रिकामा द्यायचा? शोभत नाही, म्हणून मी आत शिरा भरून द्यायचे, तर बाई दुप्पट भरून हजर! आणि अन्न टाकायचं? आमच्याकडे? मग काय... स्वयंपाकघराचं दार लावलं आणि उभ्या उभ्या संपवलं सगळं. रोज! ह्यांना दुधीची भाजी.

परवा तपासणीला गेलो. जखम सुकली! तिन्ही गोळ्या वर! रडलेच हो मी तिथे. डॉक्टर खूश, मग माझ्याकडे बघून म्हणतो, 'तुम्हाला एवढी धाप का लागते? या, काट्यावर उभ्या राहा.'

आता माझा ईसीजी काढायचाय. संध्याकाळी बेल वाजली. दारात वन्सं, हातात डबा, डोळ्यांत पाणी...

'वाळलंस गो वैनी, माझ्या भावाची सेवा करून करून!'