कुशाबांच्या टॅक्सीने मला उडवले नाही, याबाबत

नाव : अवधूत मोरेश्वर कर्णिक. वय : ५१ वर्षे. धंदा : विमा कंपनीत नोकरी. राहणार : नायगाव, मुंबई.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी रोज सायकलने नायगावहून गिरगावातील कार्यालयात जातो. माझे पहिले गाऱ्हाणे केळीच्या पानाबाबत आहे. केळीच्या सालीवरून घसरण्याला परंपरा आहे. बघणारेही हसायच्या तयारीत असतात. मी पानावरून घसरलो. सदर पान अखंड, हिरवे व ओले असून त्यावर वाढलेले काहीही नव्हते. श्रावणात फुलबाजारातून पानांचे टेम्पो निघतात व वाटभर पाने सांडत जातात, याची नोंद व्हावी.

आज सकाळी हिंदमाता येथे पुढचे चाक त्या पानावर गेले. सायकल डावीकडे गेली, मी उजवीकडे. मागे कुशाबा शेलार यांची टॅक्सी होती. त्यांनी ब्रेक मारला. टॅक्सी मला लागली नाही. ते उतरले, "हाडबीड मोडलं का, साहेब?" म्हणाले, मला मागच्या सीटवर निजवले, सायकल टपावर बांधली व परळच्या रुग्णालयात आणले. गुडघ्याला टाके पडले.

तेथे आमच्या इमारतीतील मयूर आईचा केसपेपर काढायला रांगेत उभा होता. त्याने आधी रक्त पाहिले, मग टॅक्सीवाला पाहिला. मी आत टाके घालून घेत असताना तो कुशाबांना कॉलर धरून, टॅक्सीसह, येथे पोलीस ठाण्यात घेऊन आला व "काकांना उडवताना मी डोळ्यांनी बघितलं" असे सांगून मोकळा झाला.

मी येथे आल्यावर त्याला विचारले, "तू हिंदमाताला होतास?"

"नव्हतो. पण ठोकलं नसतं, तर हॉस्पिटलात कशाला आणलं असतं? येडा आहे का तो?"

मयूर आमच्यासाठी कोणाशीही भांडतो. कशासाठी, ते नंतर विचारतो. त्याला समज द्यावी, पण हळू आवाजात.

कुशाबा बाकावरून मला म्हणाले, "पुढल्या टायमाला पडाल तर कुणी नसताना पडा." त्यांचे लायसन्स आपल्या टेबलावर आहे, गाडी आवारात. गुन्हा नोंदला गेला तर दोन्ही अडकतील. घर त्या गाडीवर चालते.

माझी पत्नी सुचित्रा हजर आहे. तिचा घरचा कायदा असा की, मला कोणी पाडले तर गोष्ट वेगळी. मी आपणहून पडलो तर सायकल त्याच दिवशी तिच्या भाच्याला जाईल. मयूरला हा कायदा पाठ आहे. म्हणून तो मघापासून मला डोळे मारत आहे.

तरी सांगतो की, मी आपणहून पडलो.

येथे सुचित्रा म्हणाली, "लिहा, साहेब. मागचा ब्रेक लागत नव्हता, तेही लिहा. गणपतीनंतर बघू, म्हणत होता हा." लिहावे. खरे आहे.

त्यावर आपण कुशाबांना लायसन्स परत दिलेत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब सुरू होण्यापूर्वी मी आवारात जाऊन टॅक्सीच्या मागच्या सीटवरील पांढरा टॉवेल काढून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला आहे. त्यावर माझे रक्त आहे. मी स्वतः धुऊन, वाळवून, घडी घालून पोचवीन. हे आपल्या कानाशी सांगितले आहे, कुशाबांना अजून कळलेले नाही.

एवढा भाग वगळून हा जबाब सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे.