वरच्या टोकाला कोण आहे?

मंडळी, या हॉलमध्ये आपण गणपतीची मीटिंग घेतो, मुलांचे वाढदिवस करतो. आज इथेच अन्वरभाईंना 'होते' म्हणायचंय. जीभ वळत नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

अन्वरभाईंचं काम पाणबुड्याचं. आपलं आखात उथळ, त्याला ते 'परात' म्हणायचे. पण कंपनीचं जहाज आम्हाला ओमानपलीकडे, खोल दर्यावर न्यायचं. ते तळाशी पाइपलाइन तपासायचे. मी वर जहाजावर, कानाला हेडफोन लावून. माझं काम काय? त्यांचा श्वास ऐकणं. तेवढ्या खोलीवर हेलियम मिसळलेली हवा घ्यावी लागते आणि माणूस बदकासारखा बोलायला लागतो. अर्धे शब्द कळायचे नाहीत. श्वास मात्र कळायचा.

सवयच लागली हो! इथे घरी आल्यावरही मी त्यांना फोन लावायचो आणि गप्प बसायचो. तेही गप्प. आमची ही वैतागायची, "अहो, बोला तरी काही!"

एकदा चहा पिताना विचारलं, "अन्वरभाई, खाली त्या काळोखात एकटं नाही वाटत?"

हसले. "दर्यात कसलं एकटं रे जोशी? तू असतोस ना कानात. एकटं वाटतं ते इथल्या अबू हलीफातल्या भाड्याच्या खोलीत. तिथं एसी तेवढा बोलतो."

मंडळी, त्याच खोलीत ते गेले. शुक्रवारी दुपारी, झोपेत. दर्याने त्यांना कधी ओरखडासुद्धा काढला नाही. आणि त्या दुपारी कुणाच्याच कानाला हेडफोन नव्हते.

भाभी गावी, मुरूडजवळ. दफनाला पोचू शकल्या नाहीत. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "भावजी, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

तुम्ही काय सांगितलं असतं? मी खरं सांगितलं. कुणी नव्हतं, भाभी. पलीकडून शब्द आला नाही. पण त्या होत्या, मला कळत होतं. इतकी वर्षं मी दुसरं केलं काय?

आता उभे राहू या. टेबलावरचा हा फोन मघापासून चालू आहे. तिकडे भाभी कानाला लावून बसल्यात. आपण शांत राहू, पण खोकला आला तर दाबू नका. रडू आलं तर येऊ द्या. आणि श्वास रोखून उभे राहू नका.

अन्वरभाई, सलाम.

भाभी, ऐका. आम्ही सगळे इथे आहोत.