बालवाडीचं मॉडेल

टोकियोजवळच्या ग्योतोकुला दातांच्या डॉक्टरकडे मी नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक बारावीतली मुलगी आणि तिचे बाबा मराठीत बोलत होते.

“नुपूर, आर्किटेक्चर टोकियोतही शिकवतात. घरून जाऊन-येऊन होईल. मग कोबे कशाला?”

“बाबा, टोकियोच्या कॉलेजातल्या सरांनी माझं बालवाडीचं मॉडेल बघितलं आणि छान म्हणाले.”

“मग चांगलंच आहे की.”

“कोबेचे सर मॉडेलसमोर जमिनीवरच बसले. आत डोकावून विचारलं, मुलं बूट कुठे काढणार?”

“कुठे काढणार?”

“मी जागाच ठेवली नव्हती.”

“मराठी घरातली, त्यात जपानमध्ये वाढलेली मुलगी, आणि बूट काढायला जागा नाही?”

“हस तू. मीही हसले. पण शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये घरी येईपर्यंत दाराचंच चित्र काढत होते.”

“म्हणजे ज्यांनी चूक काढली, त्यांच्याकडेच जायचंय तुला.”

“हो.”

“एकटी राहशील? स्वयंपाक, कचरा वेगळा करणं, सगळं बघावं लागेल.”

“कचरा घरीही मीच वेगळा करते, बाबा.”

“ते खरंय.”

बाबांनी नंबराची चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली.

“बरं, जा कोबेला. पण आईला तू सांग. माझी हिंमत नाही.”

“आईला माहितीये. ती कालपासून फोनवर तिथल्या खोल्या शोधतेय. फक्त तुला सांगायचं राहिलं होतं.”

“असं का? मग मिळाली खोली?”

“एक आवडलीये. चढावर आहे, खिडकीतून समुद्र दिसतो.”

“तिघं झोपू शकतील का तिथे?”

“बाबा.”

“अगं, नुसतं विचारतोय.”