डाव्या हाताने उघडणारा चाकू

दुकानदार: हाही नको? ताई, हा सहावा. एवढ्या वेळात लोक घर पसंत करून मोकळे होतात.

वहिनी: घर उघडायला दोन हात लागले तरी चालतं. हा बघा ना, नख घालून पातं ओढावं लागतंय. मला एका हाताने उघडणारा हवाय. तोही डाव्या.

दुकानदार: डावखुऱ्या आहात होय? मग आधी नाही का सांगायचं!

वहिनी: मी नाही. जिच्यासाठी घेतेय ती मुलगीही नाही.

दुकानदार: मग डाव्याचा हट्ट कशाला?

वहिनी: उजवा अडकलेला असेल, म्हणून.

दुकानदार: अडकलेला म्हणजे? कशात?

वहिनी: दोराच्या कारखान्यात, गुंडाळायच्या ड्रमवर. दोर उजव्या हाताने सरळ करत सोडायचा असतो. एखादं वेटोळं उलटं पडलं की मनगट धरतं. दुसरं पडलं की गळा. मग मशीन बंद करून उपयोग नाही, आवळलेला दोर सुटत नाही. तो कापावाच लागतो. माझा नवरा तसाच गेला. आठ महिने झाले. उद्यापासून मुलगी त्याच ड्रमवर उभी राहणार आहे.

दुकानदार: अरे देवा. आणि मी आपला घरं पसंत करत बसलोय. थांबा, ही शोकेस राहू द्या, हा माल मिरवायचा आहे. खालचा खण उघडतो. हा घ्या. पात्याला दाते आहेत, नायलॉनचा दोर साध्या धारेवर नुसता घसरतो, दाते त्याला धरतात. टोक मुद्दाम बोथट केलंय, गडबडीत आपल्याच अंगात जायला नको. मूठ रबराची, हात तेलकट असला तरी सुटायची नाही. आणि हे बटण अंगठ्याने असं ढकललं, की... या साहेब, या. काय दाखवू?

भाऊजी: काही नको. मी यांच्यासाठी आलोय. वहिनी, पोरगी म्हणाली तुम्ही इथे आहात.

वहिनी: बरं झालं आलात. अहो दुकानदार, हे माझे धाकटे दीर. त्याच कारखान्यात सुपरवायझर आहेत. गेटवर कामगारांचे चाकू काढून घेतात ना, ते हेच.

भाऊजी: वहिनी, परक्यासमोर कशाला?

वहिनी: चाकू विकतात ते. विकलेल्या चाकूचं पुढे काय होतं, कळू दे की त्यांना.

भाऊजी: मी हौसेने नाही केला तो नियम. कॅन्टीनमध्ये दोघांची जुंपली, एकाने चाकू उपसला. वरून आदेश आला, चाकू आत न्यायचे नाहीत. कपाट केलं, प्रत्येकाच्या नंबरचा खिळा मारला. काम निघालं की मागायचा, सही करायची, न्यायचा. रीतसर सगळं.

दुकानदार: दोराच्या कामात चाकू कपाटात? साहेब, माझे वडील तुमच्या त्या कारखान्याला चाकू करून द्यायचे. म्हणायचे, दोरवाला एक वेळ चप्पल विसरेल, चाकू विसरणार नाही.

भाऊजी: तुमच्या वडिलांना वरून फोन येत नव्हते. वहिनी, चला घरी. मी तिची जागा भांडून मिळवलीय. बापाच्या जागी कायमची नोकरी, अशी कुणाला देतात?

वहिनी: सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, भाऊजी.

भाऊजी: मग नका पाठवू!

वहिनी: मी पाठवतेय? डोकं फोडून घेतलं तिच्यापुढे. म्हणते, बाबांच्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवणार नाही. बापाचाच हट्ट उतरलाय तिच्यात. तिला आवरता येत नाही, तर निदान हातात काही तरी देते.

भाऊजी: पण गेटवर मी काय करू? उद्या तिचा सोडला तर परवा सगळे मागतील.

वहिनी: मागू देत! अहवालात काय लिहिलं होतंत? मला पाठ आहे. ‘सदर कामगाराजवळ दोर कापण्याचे साधन नव्हते.’ सकाळी गेटवर काढून घ्यायचं आणि संध्याकाळी नव्हतं म्हणून लिहायचं. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

भाऊजी: त्यात खोटं काय आहे? त्याच्याजवळ नव्हताच.

वहिनी: नव्हताच. खरंय. जरा हे टोक धरा.

भाऊजी: हे काय?

वहिनी: दोर. इस्पितळाने कपड्यांच्या पिशवीतून दिला. त्यांच्या कपड्यांबरोबर.

भाऊजी: वहिनी, तुम्ही हा अजून ठेवलाय?

वहिनी: कापून बघायला दुसरा कुठून आणू? धरा घट्ट. दुकानदार, तुम्ही मोजा. मी उजवा हात पाठीमागे धरते.

दुकानदार: ताई, जपून हं. बटण अंगठ्याने. हं, उघडला. एक. दोन. तीन. चार... तुटला!

वहिनी: चार. पहिल्यांदाच हातात घेतला, तोही डाव्या, तरी चार. तुम्हाला सहा मिनिटं लागली होती, भाऊजी.

भाऊजी: मी काय हातावर हात ठेवून बसलो होतो? जीव तोडून धावलो. ऑफिसात गेलो, टेबलाच्या खणातून चावी काढली, कपाट उघडलं...

दुकानदार: बोला तुम्ही. मी तेवढ्यात याचा स्क्रू जरा सैल करतो, ताईंना बटण जड गेलं. चष्मा कुठे ठेवला मेला... आत्ता तर हातात होता...

वहिनी: कपाळावर आहे तुमच्या.

दुकानदार: हात्तिच्या! काखेत कळसा नि गावाला वळसा!

भाऊजी: काय म्हणालात?

दुकानदार: तुम्हाला नाही हो साहेब. माझंच. चष्म्याचं.

वहिनी: भाऊजी, काय झालं? घाम फुटलाय तुम्हाला. बसा त्या स्टुलावर.

भाऊजी: कपाटात दादाच्या खिळ्यावर चाकू नव्हता, वहिनी.

वहिनी: मग शेजारचा उचलायचा. पन्नास तरी लटकत असतील.

भाऊजी: उचलला ना. तोच घेऊन धावलो. पण दादाचा खिळा रिकामा का, ते तेव्हा डोक्यातच आलं नाही. सगळं आटोपल्यावर तोंड पुसायला रुमाल काढायला गेलो आणि खिशात हाताला लागलं. दादा कधी रांगेत उभा राहायचा नाही. थोरला ना तो. येता येता माझ्या हातावर चाकू ठेवायचा, हसायचा, ‘घ्या साहेब, जमा करा.’ मी खिशात टाकायचो, मग सवडीने खिळ्याला लावायचो. त्या दिवशी लावायचा राहिला.

वहिनी: म्हणजे तो तुमच्या...

भाऊजी: मी त्याच्यापासून हातभरावर होतो. आवाज फुटत नव्हता त्याला. डावा हात माझ्या खिशाकडे नेत होता. मला वाटलं, धीर सुटलाय, हात धर म्हणतोय. मी त्याचा हात बाजूला केला, वहिनी. म्हणालो, ‘दादा, कळ काढ, मी चावी आणतो.’

(भाऊजी खिशातून एक जुना चाकू काढून काउंटरवर ठेवतात. दुकानदार तो उचलून मूठ न्याहाळतात.)

दुकानदार: ही मूठ... ही माझ्या वडिलांच्या हातची. धार लावून देऊ का?

वहिनी: धार असेल. वापरलाय कुठे.

भाऊजी: शिव्या द्या मला. थोबाडीत मारा. काहीतरी करा, पण अशा बघू नका.

वहिनी: आठ महिने हा खिशात घालून माझ्या घरी येत होतात. माझ्या हातचा चहा पीत होतात. रडलात माझ्यापुढे, मी तुमची पाठ थोपटली. वाटलं, भाऊ गेलाय बिचाऱ्याचा.

भाऊजी: भाऊच गेला ना माझा.

वहिनी: गप्प बसा. दुकानदार, हा दात्यांचा बांधा. कमरपट्ट्याला लावायचं कव्हर द्या, डाव्या बाजूचं.

दुकानदार: देतो ताई. स्क्रू सैल केलाय. आता पोरीच्या अंगठ्यालाही सहज जमेल.

भाऊजी: उद्या गेटवर मी तिचा चाकू घेणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.

वहिनी: कुणाचाच घ्यायचा नाही. ते कपाट रिकामं करा आणि वरच्यांना सांगा का केलं ते. अहवालात जे लिहिलं नाहीत, तेही सांगा.

भाऊजी: सांगतो. उद्याच सांगतो. आणि हा दादाचा? तुम्ही ठेवता?

वहिनी: नको. तुमच्याच खिशात असू दे. लागू दे जड.

भाऊजी: पोरीला सांगणार तुम्ही?

वहिनी: नाही.

भाऊजी: वहिनी, तुमचे हे उपकार...

वहिनी: तुमच्यासाठी नाही हो. उद्या ती अडकलीच, तर काका म्हणून हाक मारायला तिथे कुणीतरी हवं ना तिला.