हात न लावता

डब्याचं झाकण खण्णकन फरशीवर पडलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. मांडीवरचं बाळ थोपटत वैजयंती समोरच्या बाकावरच्या सासूसुनेचं बोलणं ऐकू लागली. सून मोबाईलमधून मान वर काढत नव्हती; झाकण पाडणारी तिची लेक शेजारी बसली होती.

“चैताली, आपला नंबर आला की.”

“जरा थांबा, आत्या. हा मोटरीचा प्रयोग आत्ताच झाला पायजे, तरच डिप्लोमा आन् कारखान्यात नोकरी.”

“मोटर कुटं हाय?”

“पुण्याच्या कॉलेजात. मी हितं बटण दाबलं की तितं फिरती.”

“आन् जळली म्हंजी?”

“लोड वाढला की आपोआप बंद पडती.”

“तुझ्यापेक्षा शानी म्हणायची. म्हंजी तू हात लावलाच न्हाय?”

“न्हाय. पण रीडिंग बरोबर आलं. हे बघा, पाठवलं.”

चैतालीच्या लेकीनं पडद्यावरची मोटर बोटानं चाचपली.

“आई, कारखान्यात तुला खऱ्या मोटरीला हात लावू देतील?”